घारवीराचे चाळीस सेकंद

पासली गावाच्या खालच्या अंगाला ओढा कातळावरून खाली पडतो आणि तिथं डोह होतो. गावाचा पाणवठा वर, सपाटीला. बौद्धवस्तीच्या वाट्याला पूर्वीपासून आला तो डोहाकडचा उतार, शेवाळलेला आणि पाय ठेवायला अवघड. त्यामुळे वस्तीतली पोरं चालायला लागली की पाठोपाठ पोहायलाही शिकायची. दीपमाला त्यातलीच एक, रामभाऊ आणि अक्काबाईंची धाकटी लेक. सतराव्या वर्षी ती कातळाच्या टोकावरून, चांगल्या तीन पुरुष उंचीवरून सूर मारायची आणि तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची.

१९९८ सालच्या ऑक्टोबरात, भातं पिवळी पडायला लागली तेव्हा, गावात दोन बस आणि एक जनरेटरची गाडी आली. ‘घारवीर’चं शूटिंग होतं. घारवीर पोरांच्या ओळखीचा होता. त्याच्या चित्रकथा वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर दोरीला टांगलेल्या असायच्या. अर्धा माणूस, अर्धी घार. आभाळात त्याला कुणी अडवू शकत नाही, पण पंख भिजले की त्याची सगळी ताकद जाते. म्हणून प्रत्येक गोष्टीत दुष्ट माणूस त्याला पाण्यात ढकलायला बघतो. सिनेमात तो प्रसंग पासलीच्या डोहात घडणार होता.

हिरोच्या ऐवजी उडी मारायला मुंबईहून एक जण आला होता. पहिल्याच सकाळी तो शेवाळावरून घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. फाइट मास्तर मानसिंग, एक जाडजूड पण मवाळ बोलण्याचा माणूस, डोक्याला हात लावून बसला होता. तेवढ्यात त्यानं दीपमालाला कातळावरून सूर मारताना पाहिलं. मुखवटा घातल्यावर कोण आहे ते कुणाला कळणार? अंगानं ती हिरोएवढीच सडपातळ होती.

मानसिंग थेट घरी आला. रामभाऊंनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सरळ नाही म्हणाले.

“पोरीची जात हाय. उद्या काय झालं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?”

“मी स्वतः दोरी धरून काठावर उभा राहीन, रामभाऊ. तुम्ही शेजारी उभे राहा.”

“आबा, रोज मारते की म्या उडी,” दीपमाला आतून म्हणाली. शेवटी रामभाऊंनी होकाराची मान हलवली.

पंख म्हणजे मांजरपाटाचा दुहेरी झगा होता, विटकरी रंगवलेला, बाह्यांपासून घोट्यांपर्यंत शिवलेला. कॅमेऱ्यातून पाहणारे साहेब म्हणाले, दोरी दिसतेय, काढा. मानसिंग कुरकुरला, पण त्यानं तिच्या कमरेची दोरी काढली. रामभाऊ वर, माणसांच्या गर्दीत होते. त्यांना ते दिसलं नाही.

उडी चांगली झाली. पण पाण्यात शिरताच झग्यात पाणी भरलं आणि तो फुगून पायांना गुंडाळला गेला. एक टोक तळाशी, उंबराच्या मुळ्यांत अडकलं. दीपमालानं एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग छातीतली हवा सुटली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं: कानात गरगर, डोळ्यांपुढं पिवळं, आणि दातांत धरून फाडलेल्या कापडाची रंगाची कडू चव. कापड फाटलं. तिचा हात पाण्याबाहेर आला, बोटं ताठ, थरथरणारी. मग डोकं आलं.

“कट! वा!” वरून आवाज आला. सगळा काठ टाळ्या वाजवत होता. रामभाऊ तर सगळ्यात जोरात, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दीपमाला खडकाला धरून खोकत राहिली. मानसिंगनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाला, “काय अॅक्टिंग केलीस, पोरी!”

तिनं फक्त आईला सांगितलं. अक्काबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. त्या म्हणाल्या, “आबास्नी सांगू नगंस. ते तुला परत पाण्यात जाऊ द्यायचे न्हाईत.”

सिनेमा बराच चालला. बाकीचा भाग आज बघताना हसू येतं: हिरो घाटावरून उडतो तेव्हा पाठीची तार चमकते, दुष्टाचा किल्ला पुठ्ठ्याचा आहे हे कळतं. पण डोहाचा प्रसंग आला की लोक गप्प व्हायचे. पडद्यावर नुसतं पाणी. वर्तुळं विरत जातात. मग बुडबुडे येतात, तेही थांबतात. आणि मग तो हात. कुणीतरी मोजलं, चाळीस सेकंद. घारवीर म्हटलं की लोकांना ते चाळीस सेकंद आठवायचे. पुढच्या जयंतीला वस्तीत विहारासमोर टीव्ही आणि व्हीसीआर लावून सिनेमा दाखवला, तेव्हा रामभाऊ पाहुण्यांना उठवून उठवून सांगत होते, “ही आमची दीपा. ह्यो हात दीपाचा.”

दीपमाला तेव्हा विहाराच्या मागं जाऊन उभी राहिली होती.

वर्षभर ती डोहाकडं फिरकली नाही. मग एके दुपारी एकटीच गेली आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून श्वास रोखायचा सराव करू लागली. रोज थोडा जास्त. पाण्याचं भय असं तिनं स्वतःच्या हातानं काढलं. लग्न होऊन ती वरवे बुद्रुकला आली. नवरा नागसेन टेम्पो चालवतो. ती जवळच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पण आसपास कुठंही कुणी पाण्यात पडलं की पोलीस पाटलाचा फोन तिलाच येतो. कालवा असो, विहीर असो, धरण असो. अकरा माणसं तिनं जिवंत बाहेर काढलीत. बाकीची किती, ते ती सांगत नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही, एवढं ती सगळ्यांना सांगते. ते हवा सोडतं, एकदम, आणि गप्प होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात पासलीला पुन्हा गाड्या आल्या. या वेळी चौदा. ‘घारवीर’ नव्यानं बनत होता आणि डोहाचा प्रसंग त्याच डोहात घ्यायचा होता. पाण्याची माहिती असलेलं स्थानिक माणूस हवं होतं, म्हणून कुणीतरी दीपमालाचं नाव सांगितलं. तिनं दोन दिवसांची रजा टाकली.

दिग्दर्शक कुमार, चाळिशीच्या आतला, मनापासून काम करणारा माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि मोबाईलवर जुन्या सिनेमाचा तुकडा लावला.

“मी हा अकरा वर्षांचा असताना पाहिला, ताई. यासाठीच मी या धंद्यात आलो. बघा, हा हात बघा. कोण होता माहीत नाही, पण त्या माणसानं अभिनयाची कमाल केलीय. मला हे चाळीस सेकंद जसेच्या तसे हवेत. कॉम्प्युटरनं नाही, खरे.”

दीपमालानं मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

“अभिनय न्हाई तो. म्या होते ती. झगा मुळीत अडकला व्हता.”

कुमार तिच्याकडं बघत राहिला. “तुम्ही?” मग त्याचा चेहरा उजळला, आणि तेच तिला आवडलं नाही. “म्हणजे ते खरंच खरं होतं! म्हणूनच तर... ताई, तुम्ही इथं आहात हे माझं नशीब. आता सगळी व्यवस्था आहे. दोन पाणबुडे आहेत. छातीवर कळ आहे, दाबली की पंख सुटतात. काही होणार नाही.”

हिरोच्या ऐवजी उडी स्वरूप मारणार होता. सव्वीस वर्षांचा, सारोळ्याचा, हसतमुख. “ताई, मी नीरेत वाढलोय,” तो म्हणाला. “पुलाखालून आरपार जायचो.”

“नीरा वाहती हाय, बाबा. ह्यो डोह हाय. हितलं पाणी सोडत न्हाई.”

नवे पंख फार देखणे होते. एकेक पीस वेगळं, उन्हात तांबूस चमकणारं. दीपमालानं ते उचलून बघितले आणि म्हणाली, “भिजवा.”

“कशाला?”

“कोरडं कुणीबी उचलंल.”

भिजवल्यावर पंख उचलायला दोन माणसं लागली. तिनं कळ दाबून बघायला सांगितली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा ओला पट्टा कळीत चिमटला आणि जोरानं ओढावा लागला.

“ही कळ बदला.”

कपडेपटवाला म्हणाला, पुण्याहून आणायला उद्या उजाडेल. कुमारनं डोंगराकडं पाहिलं. चार वाजता ऊन डोंगराआड जाणार होतं आणि उद्या हिरोची तारीख नव्हती. त्यानं पट्ट्याला मेण लावायला सांगितलं. मेण लावल्यावर कळ तीनदा नीट सुटली.

“झालं ना आता?” कुमार म्हणाला.

“पाणबुडे कुठं ऱ्हाणार?”

“पलीकडच्या काठाला. मधे आले तर कॅमेऱ्यात दिसतील.”

“म्हंजे चाळीस हात लांब. अन् तो अडकला तर त्यास्नी कळायचं कसं? हात वर केला की?”

कुमार गडबडला. हात तर शॉटमध्येच वर यायचा होता. ताठ बोटं, थरथरती. शॉटला लागणारा हात आणि वाचवा म्हणणारा हात, दोन्ही एकच.

“म्या मोजते,” दीपमाला म्हणाली. “त्या कपारीखाली लपते, तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार न्हाई. पंचवीस झाले अन् हात न्हाई आला, तर म्या आत जाणार.”

“पंचवीस? ताई, जुन्यात चाळीस होते!”

“जुन्यात म्या मरत व्हते.”

ती हे मोठ्यानं बोलली. लाइटवाले, चहावाला, सगळे थांबून बघायला लागले. कुमारचं तोंड लाल झालं. शेवटी स्वरूपच मधे पडला. “पस्तीसपर्यंत मला आरामात जमतं. तीसवर ठरवू. तीसपर्यंत ताईंनी यायचं नाही.” “बरं. तीस,” दीपमाला म्हणाली. तिनं वस्तीतून एक छोटा विळा मागवला, कमरेला बांधला आणि कपारीखाली गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पाणी तसंच गार होतं. समोर उंबर होता, आता अधिकच पसरलेला.

साडेतीनला कुमारनं हात खाली केला.

स्वरूपनं सुरेख उडी मारली. पंख उघडले, क्षणभर तो खरोखर घारीसारखा तिरपा झाला आणि पाण्यात गेला. लाट कपारीला आपटली. दीपमालानं मोजायला सुरुवात केली.

पाच. वर्तुळं पसरली. आठ. खाली तांबूस काहीतरी हललं. दहा. ते उंबराकडं सरकत होतं. ठरल्याप्रमाणं त्यानं मधोमध राहायचं होतं. तेरा. काठावर कुणी हलत नव्हतं; कॅमेरा पाण्यावर वाकला होता. सोळा. सतरा.

अठराला बुडबुडे आले. थोडे थोडे नाहीत, सगळे एकदम, भांडं उपडं केल्यासारखे. आणि थांबले.

नाटक करणारा माणूस हवा जपून सोडतो. दीपमालानं एकोणीस म्हटलंच नाही. तिनं बुडी मारली.

“कोण गेलं आत? कोण आहे ते फ्रेममध्ये?” कुमारचा आवाज कर्ण्यातून आला. “कट! शॉट घालवला!”

खाली गढूळ झालं होतं. तिनं हातानं चाचपत पंख धरला आणि त्याच्या मागोमाग सरकली. पिसं मुळ्यांत फासासारखी बसली होती. स्वरूपचे दोन्ही हात छातीवरच्या कळीशी झटापट करत होते. त्यानं तिला ओळखलं नाही. तिचा गळा धरला. हे ती जाणून होती, बुडणारा धरतोच. तिनं त्याचं करंगळीकडचं बोट उलटं वाकवलं, पकड सुटली. विळ्यानं डावा पट्टा कापला. उजवा कापेना, मेणानं पातं घसरत होतं. तिची स्वतःची हवा संपत आली. कानात तीच गरगर सुरू झाली. क्षणभर तिला वाटलं, आपण सोडून वर जावं. एक श्वास घ्यावा आणि परत यावं. पण परत येईपर्यंत हा राहणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं पातं आडवं घातलं आणि दोन्ही हातांनी ओढलं.

ते दोघं वर आले तेव्हा पाणबुडे अजून निम्म्या वाटेवर होते.

स्वरूप श्वास घेत नव्हता. खडकावर आडवा घालून दीपमालानं त्याची छाती दाबायला सुरुवात केली. कुमार मुखवट्यासारखा पांढरा चेहरा घेऊन शेजारी उभा होता. हातातला कर्णा कधी पडला ते त्याला कळलं नव्हतं. “बोला की कायतरी त्याच्याशी!” ती ओरडली. “त्याचं नाव घ्या!” कुमार गुडघ्यांवर बसला आणि स्वरूप, स्वरूप म्हणत राहिला. मिनिटभरानं स्वरूपच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग एक लांबलचक ओरडल्यासारखा श्वास.

युनिटची गाडी वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला वर रस्त्याला लागत होती. तोवर सगळ्यात जवळचं घर रामभाऊंचं. चौघांनी स्वरूपला तिथं नेलं. अक्काबाईंनी घोंगडं पांघरलं आणि त्याचे तळपाय चोळायला घेतले. रामभाऊ आता पंचाहत्तरीचे, काठी टेकत आले. त्यांना कुणी नीट काही सांगितलं नव्हतं. कुमारला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“सायेब, घाबरू नगा. पाणी हाय, जरा लागतंच नाकातोंडात. आमच्या दीपानं हितंच केलं व्हतं, सतरा वर्साची असताना. म्या सोता काठावर व्हतो. काय उडी, काय त्यो हात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

कुमारनं मान खाली घातली. अक्काबाईंचे हात थांबले. दीपमाला ओल्या कपड्यांनी उंबऱ्यावर बसली होती.

“आबा,” ती म्हणाली, “तवा म्या बुडत व्हते.”

“आँ?”

“झगा अडकला व्हता. ह्याचा अडकला तसाच. दातानं फाडून वर आले. आई जाणती.”

रामभाऊंनी बायकोकडं पाहिलं. ती मान वर करेना. काठी भिंतीला लावून ते हळूहळू खाली बसले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, माणसं आली, स्वरूपला उचलून नेलं. रामभाऊ तसेच बसून होते.

“पंचवीस वरसं,” ते म्हणाले. “पंचवीस वरसं म्या लोकास्नी सांगत फिरलो. अन् तू ऐकत ऱ्हायलीस.”

“तुमाला बरं वाटत व्हतं, आबा.”

“मला कशाला बरं वाटायचं!” ते एकदम ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. मग त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि धोतराच्या सोग्यानं तिचे केस पुसायला लागले, लहानपणी पुसायचे तसे जोरजोरात, दुखेल इतके. बेचाळीस वर्षांची दीपमाला डोकं पुढं करून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कुमार पुन्हा आला, एकटा. तो शॉट मुंबईला टाकीत घेणार, पाणी कॉम्प्युटरवर करणार, म्हणाला. आणि जुन्या सिनेमाबद्दलचं खरं लोकांना सांगू का, असं त्यानं विचारलं. दीपमालानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

नवा ‘घारवीर’ पुढच्या वर्षी आला. नागसेनच्या टेम्पोतून ती दोघं पुण्याला जाऊन पाहून आली. पंख खरोखर सुंदर दिसले, घाटावरच्या उड्डाणात तार कुठंच दिसली नाही. डोहाचा प्रसंग बावीस सेकंदांचा होता. पाणी हिरवंगार, स्वच्छ. मागच्या रांगेतला एक जण मित्राला म्हणाला, “जुन्याची सर नाही. जुन्यात खरंच मरतोय असं वाटायचं.” नागसेन वळून काहीतरी बोलणार होता. दीपमालानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

मोबाईलवर तर दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी लावून लोक महिनाभर भांडत होते. नव्यात जीव नाही, जुन्यात आत्मा होता. कुमारनं एका मुलाखतीत खरं काय ते सांगितलं, तिचं नाव घेऊन. त्यानंतर काही जणांनी लिहिलं, आता तो तुकडा बघवत नाही. आणि काही जण तो आधीपेक्षा जास्त बघायला लागले. नागसेननं हे तिला वाचून दाखवलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

“जुना चांगलाच व्हता,” ती म्हणाली. “त्यात पोरं हसायची, शिट्ट्या मारायची. नवा बघताना कुणी हसलं न्हाई. पन जुन्यातलं डोहाचं तेवढं त्यांनी केलेलं न्हवतं. ते माझ्यावर आलं व्हतं, अन् त्यांनी ते घेतलं.”

स्वरूपचं मात्र वेगळंच झालं. टाकीतला शॉट त्यानं कसाबसा दिला, आणि नंतर त्याला पाण्यात तोंड घालवेना. आंघोळीला बादली डोक्यावर घेतली तरी छाती भरून यायची. त्यानं फोन केला. दीपमाला सलग सात रविवार सारोळ्याला गेली. पुलाच्या वरच्या अंगाला, जिथं नीरा उथळ आहे, तिथं दोघं गुडघाभर पाण्यात बसून राहायचे. पहिले दोन रविवार ते नुसते बोलत बसले. सातव्या रविवारी तो गळ्यापर्यंत गेला. मार्चमध्ये तो कामावर परतला. उड्या मारतो, पण पाण्याच्या कामाला आधी दीपमालाला विचारतो.

आता इतर युनिटवालेही तिला बोलावतात. भोरच्या बाजूला वर्षातून चार-दोन शूटिंगं पाण्याची असतातच. ती रजा टाकते, एसटीनं जाते, आणि चहासुद्धा घ्यायच्या आधी जो काही पोशाख असेल तो भिजवायला सांगते. वेळ नाही म्हणाले, तर वाद घालत नाही. पिशवी उचलते आणि परतीची गाडी धरते. आत्तापर्यंत दोनदा ती अशी परत आली आहे. त्यातल्या एकदा युनिटची गाडी मागून आली आणि तिला नसरापूरच्या फाट्यावर गाठून सन्मानानं परत घेऊन गेली.